आमची वाटचाल : लग्नपत्रिकेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

२००८ साली सांगलीत आम्ही दोघा भावांनी डीटीपीचं दुकान टाकलं. कोरलड्रॉ हे चित्र-मांडणीचं आणि श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर, एवढ्या बळावर लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं निघायची. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि गिऱ्हाइकं वेबसाइट मागू लागली. मग आम्ही फोटोशॉपमध्ये पानं काढायचो आणि बाहेरच्या डेव्हलपरकडून, म्हणजे कोड लिहिणाऱ्याकडून, ती बांधून घ्यायचो.

तासगावच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या कामात या पद्धतीने आमचा घात केला. चित्र देखणं होतं. बांधून आलं तेव्हा मथळ्यातली शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली आणि 'दर्जा'वरचा रफार कापलेला. इंग्रजी अक्षरांना शोभणारं लेटर-स्पेसिंग (दोन अक्षरांमधलं अंतर) आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) देवनागरीला जसंच्या तसं लावलं होतं. चूक डेव्हलपरइतकीच आमचीही होती. कागदावर अक्षर एकदा बसलं की बसलं, ब्राउझरमध्ये मात्र ते प्रत्येक फोनवर नव्याने बसतं, हे आमच्या गावीही नव्हतं. दीड महिना फायली नुसत्या इकडून तिकडे फिरल्या.

आमच्याकडे टायपिंगला लागलेली एक मुलगी तेव्हा एचटीएमएल, सीएसएस या वेबपानं बांधायच्या भाषा शिकत होती. तिने एका दुपारी स्पेसिंग शून्यावर आणलं, लाइन-हाइट १.६ केली, मुक्ता हा युनिकोड फॉन्ट लावला आणि पान जागेवर आलं. मग म्हणाली, "दादा, मी एकदा तासगावला जाऊन बसू का?"

ती दिवसभर तिथे बसली. आलेला प्रत्येक शेतकरी पहिल्यांदा एकच विचारायचा, माझी पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, झाली का? आमच्या पानावर वर द्राक्षबागेचा मोठा फोटो होता आणि पट्टी पार तळाशी. शिवाय फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसतच नव्हती. तिने फिग्मा या पडद्याची मांडणी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी मांडणी काढली, अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ ठेवला, बटणं अंगठ्याला सापडतील एवढी मोठी केली आणि ते पान स्वतःच कोडमध्ये उतरवलं.

असं काम करणाऱ्याला फुल स्टॅक डिझायनर म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. माणसांशी बोलायचं, कागदावर रेघोट्या मारायच्या, फिग्मात मांडायचं, पडद्यावरचा मजकूर लिहायचा, एचटीएमएल-सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट हाताळून ते साध्यातल्या साध्या फोनवर तपासायचं, इतकं सगळं एकाच माणसाच्या नजरेखालून जातं. सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षितता हे मात्र आमच्याकडे स्वतंत्र डेव्हलपरच बघतो. पण पट्टीचा आकडा कुठून येतो आणि उशिरा आला तर पडद्यावर तोवर काय दाखवायचं, हे डिझायनरला माहीत असावंच लागतं. या नावाखाली एका पगारात दोघांचं काम काढून घेणं मला मुळीच पटत नाही. त्या मुलीचा पगार आम्ही त्याच वर्षी वाढवला.

आता कोटेशनमध्ये 'जागेवर एक दिवस' अशी वेगळी ओळ असते. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा इतर आकडे आम्ही खालीवर करतो, ती ओळ काढत नाही.