विज्ञानाची बातमी आणि टवाळखोरांची साक्ष

विज्ञानाची एखादी मोठी बातमी आली की मी ती आधी सावकाश वाचतो आणि मग तिच्यावर आंतरजालावर झालेले विनोद शोधायला निघतो. काही जणांना ही सवय पोरकट वाटते आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु माझे मत असे बनत चालले आहे की बातमी कितपत टिकेल याचा अंदाज गंभीर भाष्यकारांपेक्षा टवाळखोरांकडून लवकर मिळतो. भाष्यकाराला मानवजातीच्या भवितव्यापर्यंत पोहोचण्याची घाई झालेली असते. टवाळखोराला मात्र विसंगती हवी असते, आणि विसंगती सापडायची तर मथळ्याखाली काय लिहिले आहे ते वाचावेच लागते.

‘एलके-99’ हे प्रकरण या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. 2023 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी, समीक्षकांची मोहोर उमटण्याआधीच, दोन शोधनिबंध सर्वांसाठी खुले केले. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यापासून भट्टीत भाजून तयार केलेला एक करडा पदार्थ नेहमीच्या हवेच्या दाबाला, आणि तोही थेट 127 अंश सेल्सिअसपर्यंत, अतिवाहक राहतो, म्हणजे त्यातून वीज कोणत्याही रोधाविना वाहते, असा त्यांचा दावा होता. तोवरच्या अतिवाहकांना एक तर उणे सव्वाशे अंशांच्याही खाली नेऊन ठेवावे लागते, नाहीतर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहा-पंधरा लाख पट दाबाखाली चिरडावे लागते. त्यामुळे हा दावा खरा ठरता तर विजेच्या तारांपासून रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रापर्यंत पुष्कळ गोष्टी बदलल्या असत्या. मग काय विचारता! ज्यांनी शाळा सुटल्यावर विजेच्या प्रश्नाकडे ढुंकून पाहिले नव्हते, तेही स्फटिकांच्या रचनेवर अधिकारवाणीने बोलू लागले. कोणी घरच्या भट्टीत शिसे भाजायला घेतले. नावातच ‘सुपरकंडक्टर’ असलेल्या एका अमेरिकी कंपनीचा शेअर, तिचा या पदार्थाशी काडीचा संबंध नसताना, एकाएकी उसळला. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

या सगळ्या गदारोळात एक चित्रफीत फिरत होती. तिच्यात चुंबकावर ठेवलेला एक काळपट तुकडा उचलला गेलेला दिसत होता, पण पुरता नव्हे. त्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच होती. थट्टेखोरांनी नेमकी ती कड धरली. अर्ध्या तरंगण्याला अर्धे नोबेल द्यावे काय, इथपासून त्या कडेला कंटाळा आला असावा इथपर्यंत सगळे बोलून झाले. हसण्यावारी नेलेली ही शंका खरे तर अगदी रास्त होती. अतिवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगातून बाहेर ढकलतो, आणि त्याचा चांगला नमुना चुंबकावर कशाचाही आधार न घेता अधांतरी राहू शकतो. एका कडेवर तिरके उभे राहणे मात्र लोहासारखे चुंबकत्व असलेल्या साध्या तुकड्यालाही जमते. ऑगस्ट संपण्याआधीच ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांचे निकाल आले. मूळ शोधनिबंधांत 104 अंशांच्या आसपास दिसलेली रोधातली घसरण नमुन्यात राहून गेलेल्या कॉपर सल्फाइडची होती. जर्मनीतील श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक बनवले, तेव्हा ते अतिवाहक तर सोडाच, विद्युतरोधक निघाले. टेकलेली कड पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्याकडे बोट दाखवण्याचे काम मात्र हसणाऱ्यांनी केले.

त्याआधीचे न्यूट्रिनोंचे प्रकरण याहून बहारदार होते. 2011 च्या सप्टेंबरमध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, सुमारे 730 किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. त्या सुमारास एक विनोद जगभर फिरला, तो आपल्या वळणाने सांगायचा तर असा : ‘मी न्यूट्रिनो.’ ‘कोण आहे?’ टक टक. या तीन तुकड्यांत सगळी अडचण सामावली आहे. एखादी गोष्ट प्रकाशाहून वेगाने जाऊ लागली, तर सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार कोणा ना कोणा निरीक्षकाला परिणाम आधी आणि कारण नंतर दिसेल. उत्तर आधी, प्रश्न नंतर आणि दार वाजणे सर्वांत शेवटी. भौतिकशास्त्रज्ञ त्या दाव्यावर विश्वास ठेवायला का कचरत होते, हे समजावण्यासाठी वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्च केले आणि तरीही ते वाचकांच्या गळी उतरले नाही.

शंकेला दुसरेही एक भक्कम कारण होते आणि ते आकाशातून आलेले होते. 1987 मध्ये आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षांवर, एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी पोहोचले होते. तेही वेगामुळे नव्हे, तर ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला प्रकाशाला उशीर लागतो म्हणून. ‘ऑपेरा’चा वेग खरा मानला, तर ते चार वर्षे आधीच येऊन जायला हवे होते. अखेर दोष सापडला तो जीपीएसची वेळ संगणकाकडे नेणाऱ्या प्रकाशतंतूच्या नीट न बसलेल्या जोडणीत. ‘वायर हलवून पाहिली का?’ ही घरगुती तंत्रज्ञांची थट्टा शब्दशः खरी ठरावी, असे भाग्य विनोदाच्या वाट्याला क्वचितच येते.

क्वचित म्हणालो खरा, पण ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीची हकीकत त्याच पंक्तीत बसणारी आहे. 1998 पासून त्या रेडिओ दुर्बिणीत अधूनमधून एक चमत्कारिक स्पंद उमटत असे. खोल अवकाशातून येणाऱ्या क्षणिक रेडिओ स्फोटांशी त्याचे पुष्कळ साम्य होते, पण तो मुख्यतः कामाच्या वेळात, आणि त्यातही जेवणाच्या सुमारास यायचा. परग्रहवासी वेळेचे पक्के आहेत, यापलीकडे काही निष्कर्ष काढणे अवघड होते. 2015 मध्ये उलगडा झाला तो असा की आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार, तो आपोआप थांबण्याची वाट न पाहता, कोणी घाईने उघडले की बंद पडता पडता त्यातला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, एक क्षणिक लहर बाहेर फेकतो आणि दुर्बीण ती इमानेइतबारे टिपते. ही बातमी वाचून जग हसले. मला त्यातली चिकाटी अधिक भावली : भूक लागलेल्या माणसासारखे दार अर्ध्यात उघडून पाहण्याचा प्रयोग कोणी तरी मुद्दाम, नोंदी ठेवून केला होता. अवकाशातून येणारे अस्सल स्फोट यातून बाद झाले नाहीत, उलट नकली वेगळे काढता आल्यामुळे त्यांची बाजू अधिक मजबूत झाली.

सगळीच थट्टा इतकी गुणी नसते, हे मान्य केले पाहिजे. उंदरांवर यशस्वी झालेले औषध मथळ्यात माणसांना बरे करून मोकळे होते, त्यावर ‘डोंगर पोखरून उंदीर’ म्हणण्याचा मोह मलाही आवरत नाही, पण ते आता शिळे झाले. आणि थट्टा करता करता आपण थट्टा करतो आहोत हे विसरणारा एक वर्ग आहे, त्याच्यापुढे मी हात टेकले आहेत. 2008 मध्ये सर्नचा, कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारा महाकाय कणवेगवर्धक सुरू होण्याच्या वेळी त्यातून कृष्णविवर निघून पृथ्वी गिळली जाणार, या विषयावर आधी गमतीदार चित्रे निघाली आणि मग तीच पुरावा म्हणून फिरू लागली. याहून कितीतरी अधिक ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आले आहेत आणि पृथ्वी जागच्या जागी आहे, हा साधा मुद्दा ऐकायला कोणी तयार नव्हते.

अर्थात या यंत्राच्या बाबतीत गंभीर काय आणि गंमत काय हे ठरवणे तज्ज्ञांनाही सोपे नव्हते. होल्गर नील्सन आणि मासाओ निनोमिया या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी असा तर्क मांडला होता की हिग्ज कण, म्हणजे ज्याच्या शोधासाठी हे यंत्र मुख्यतः उभारले होते तो मूलकण, निर्माण होणेच निसर्गाला नकोसे असावे आणि म्हणून भविष्यकाळच मागे येऊन यंत्रात विघ्ने आणत असावा. यंत्र चालवावे की नाही हे पत्ते काढून ठरवावे, अशी त्यांची सूचनाही होती. 2009 मध्ये बाहेरच्या विद्युतसामग्रीवर पावाचा तुकडा सापडला आणि यंत्राचा काही भाग तापू लागला, तेव्हा हा तर्क पुन्हा वर आला. तो तुकडा पक्ष्याने टाकला असावा, असे म्हटले गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये मुंगसाच्या अंगलटीचा मार्टेन नावाचा एक प्राणी 66,000 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि स्वतःबरोबर यंत्रालाही बंद पाडून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक मार्टेन तिथेच त्याच रीतीने मेला, आणि त्याला भुसा भरून रॉटरडॅमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मांडण्यात आले. भविष्यकाळाकडे याहून बरे दूत नव्हते काय, असे विचारावेसे वाटते. हिग्ज कण तर 2012 मध्येच सापडून गेला होता.

लघुग्रहांच्या बातम्यांत तर्काची परीक्षा वेगळ्या प्रकारे होते. ‘2024 वायआर4’ हा लघुग्रह 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 2025 च्या फेब्रुवारीत वाढत वाढत 3.1 टक्क्यांवर गेली, आणि तोवर ‘कर्ज आताच काढून ठेवावे’ छापाच्या विनोदांना ऊत आला होता. आकडा रोज चढतो आहे म्हणजे संकट जवळ येत आहे, असा बहुतेकांचा समज झाला. प्रत्यक्षात अंधारात बॅटरीचा झोत लहान करत न्यावा तसे हे असते : तो लघुग्रह ज्या पट्ट्यातून जाऊ शकतो तो पट्टा नव्या निरीक्षणांबरोबर अरुंद होतो, आणि पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा वाटा वाढतच जातो, मग एके दिवशी ती पट्ट्याबाहेर पडते आणि शक्यता शून्याकडे कोसळते. इथेही महिना संपण्याआधी तसेच झाले. कर्ज काढून ठेवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे कळायला मार्ग नाही.

शास्त्रज्ञ स्वतः थट्टेत उतरतात तेव्हा मात्र जपून राहावे लागते. 2022 च्या जुलैअखेर एत्येन क्लाइन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने काळ्या पार्श्वभूमीवरचा एक लालभडक, ठिपकेदार गोळा प्रसिद्ध केला आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेला हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, असे सांगून त्यातल्या बारकाव्यांची वाखाणणी केली. तो गोळा म्हणजे चोरिसो नावाच्या सॉसेजची एक चकती होती. हजारो लोकांनी तो तारा डोळे झाकून स्वीकारला. पुढे क्लाइन यांनी दिलगिरी व्यक्त केली, अधिकारी माणसाचे म्हणणेही तपासून घ्यावे एवढेच आपल्याला सुचवायचे होते, असा खुलासा केला, आणि काही दिवसांनी त्याच दुर्बिणीने घेतलेले कार्टव्हील दीर्घिकेचे अस्सल छायाचित्र प्रसिद्ध करताना, हे खरे आहे बरे का, अशी ग्वाही त्यांना सोबत जोडावी लागली. मी ते छायाचित्र मोठे करून कडेपासून कडेपर्यंत तपासले.