तुम्ही विचारलंत म्हणून: लढले की झुकले?

अल्जेरियाबद्दल मी काही लिहिलं की हा प्रश्न हमखास येतो, की एकोणिसाव्या शतकात युरोपियन चालून आले तेव्हा मुसलमान समाजांनी जिहाद पुकारला की मुकाट मान तुकवली? दोनच पर्याय धरून विचारतात त्याचं मला वाईट वाटतं, कारण अमीर अब्द अल-कादिरच्या एका आयुष्यातच त्याहून कितीतरी जास्त मावलंय.

१८३० मध्ये फ्रेंच उतरले आणि तीन आठवड्यांत अल्जियर्स पडलं, तिथली तुर्की राजवट संपली. मग १८३२ मध्ये पश्चिमेकडच्या टोळ्यांनी कादिरी सूफी घराण्यातल्या या २४ वर्षांच्या पोराला अमीर केलं. लोकांना त्याचा गनिमी कावा तेवढा आठवतो, पण मला त्याने उभं केलेलं राज्य जास्त मोठं वाटतं. पगारी काझी, नियमित करवसुली, कवायती पायदळ, त्याची राजधानी तागदेम्तला हत्यारांचा कारखाना आणि स्वतःची टांकसाळ, आणि हे सगळं फ्रेंचांशी १८३४ आणि १८३७ मध्ये तह करून मिळवलेल्या उसंतीत! म्हणजे तह करणं ही शरणागती नव्हती, तो वेळ विकत घेणं होतं. आणि सगळे मुसलमान त्याच्या मागे होते असंही नाही, पूर्वेला कॉन्स्टंटाइन प्रांताचा जुन्या तुर्की राजवटीतला सुभेदार अहमद बे वेगळा लढत होता आणि ऐन माधी गावच्या तिजानी या दुसऱ्या पंथाच्या सूफींनी अमीरला मानलं नाही म्हणून १८३८ मध्ये त्याने त्यांनाच वेढा घातला.

१८३९ मध्ये युद्ध पुन्हा पेटलं आणि मग जनरल ब्यूजो आला, त्याने सैन्यापेक्षा लोकांचं पोटच मारलं, धान्याची पेवं उपसली, झाडं तोडली, गुरं हाकून नेली. १८४५ मध्ये दाहरा डोंगरातल्या गुहेत आसरा घेतलेल्या शेकडो बायकामुलांना आणि पुरुषांना फ्रेंचांनी गुहेच्या तोंडाशी आग लावून धुराने मारलं. हे वाचून कुणी 'झुकले' म्हणतं तेव्हा मला खरंच राग येतो.

त्याला साथ देणाऱ्या मोरोक्कोच्या सुलतानानेही फ्रेंचांकडून मार खाऊन पाठ फिरवल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये अमीरने हत्यार ठेवलं, पॅलेस्टाईनमधल्या अक्का बंदराला किंवा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जाऊ देऊ या वचनावर. फ्रेंचांनी ते मोडलं आणि त्याला १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये कैदेत ठेवलं.

पुढे तो दमास्कसला राहिला. १८६० मध्ये तिथे ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली तेव्हा त्याने आपल्या अल्जेरियन माणसांना घेऊन हजारो जणांना वाचवलं, फ्रेंच वकिलातीतल्या लोकांनाही! युरोपभर कौतुक झालं, पण त्याने सांगितलं की हे मी शरियतने आणि माणुसकीने घातलेलं कर्तव्य म्हणून केलं. माझ्या मते हेही साम्राज्यवादाला दिलेलं उत्तरच होतं, कारण मुसलमानांना सभ्यता शिकवायला आलोय म्हणणाऱ्यांना ते सणसणीत होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून जड जाते. १८७१ मध्ये अल्जेरियात पुन्हा उठाव झाला, अमीरचा मुलगा मुहियद्दीन त्यात उतरला आणि बापाने त्याचा जाहीर निषेध केला. काहीजण म्हणतात फ्रेंच पेन्शन खाऊन बदलला. मला तसं वाटत नाही, त्याने पुन्हा लढणार नाही असा शब्द दिला होता आणि फ्रेंचांनी आपला मोडला तरी याने स्वतःचा पाळला. मुलाचंही मला पटतं.