एवढी वर्षं शिकवलंत, आता रविवारी कुणाकडे शिकायला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. जाऊबाईंनी विचारून झालंय, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारून झालंय, आणि जे विद्यार्थी आता चाळिशीला आलेत ते पुण्यात कुठे भेटले की तेही हेच विचारतात, "बाई, त्या कॉलेजच्या पोरांबरोबर रस्त्यावर बसून चित्रं काढता म्हणे? तुम्हाला काय शिकायचं राहिलंय?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, कळतं मला. पण दर वेळी मी "वेळ छान जातो हो" असं काहीतरी बोलून मोकळी होते आणि घरी आल्यावर चडफडत बसते, कारण ते खरं नाहीये. वेळ घालवायला मी जात नाही. वेळ मला पुरत नाही.

मी ड्रॉइंगची बाई. शाळेत ड्रॉइंगचा शिक्षक एकटा असतो, हे बाकीच्यांच्या लक्षातच येत नाही. मराठीला तीन-चार जण असतात, एका उत्तराला अडीच द्यायचे की तीन यावर त्यांचा मधल्या सुट्टीत वाद रंगतो. गणितवाल्यांचं तसंच, विज्ञानवाल्यांचं तसंच. "ही सावली जरा जड झालीये का हो?" हे मी स्टाफरूममध्ये कुणाला विचारणार होते? माझ्याकडे कामं यायची ती वेगळी. फलकलेखन, सुविचार, पंधरा ऑगस्टची रांगोळी, स्नेहसंमेलनाचा मागचा पडदा, थर्माकोलची अक्षरं, प्रमाणपत्रांवर नावं (अक्षर चांगलं असणं हा या नोकरीतला मोठा ताप आहे), आणि जानेवारी उजाडला की "बाई, आमचा अभ्यासक्रम मागे पडलाय, तुमचा तास देता का". द्यायचे मी. केलेल्या सगळ्या कामाला सगळे म्हणायचे, "वा बाई, छान!" नोकरीभर मी छानच ऐकलं. आवडायचंही मला ते, नाही कशाला म्हणू.

आता तर तो एकटा शिक्षकही धड उरलेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलेला शिक्षक, आणि तोही अंशकालीन. मी 58 पूर्ण होऊन निवृत्त झाले तेव्हा माझी जागा भरली गेली नाही. यावर बोलायला लागले तर वेगळाच लेख होईल, राहू दे.

शाळेच्या आधी मात्र मी एकटी नव्हते. कोल्हापूरला एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना आम्ही सात-आठ जण पहाटे पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळा तलावावर जाऊन बसायचो, बोर्डाला क्लिपनं कागद लावायचा, पाणी नदीचंच. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघून आलो की आठवडाभर सगळ्यांचा रंकाळा तसाच दिसायचा आणि त्यावरून आम्ही एकमेकांना सोलून काढायचो. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, प्रत्येक जण आपापल्या तालुक्यातल्या शाळेत एकेकटा जाऊन पडला. त्यातल्या कितीजणांनी पुढे स्वतःचं म्हणून चित्र काढलं, मला माहीत नाही.

आणि आता मंडईचं सांगते, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

पुण्याला मुलाकडे राहायला आल्यावर शेजारच्या मुलीनं मला या रविवारच्या ग्रुपमध्ये नेलं. सिएटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ नावाच्या एका वृत्तपत्रातल्या चित्रकारानं 2007 मध्ये 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं, आता जगभर शहराशहरांत असे ग्रुप आहेत, आमचा त्याच धर्तीवरचा. नियम साधा, प्रत्यक्ष जागेवर बसायचं, फोटोवरून नाही, समोर दिसतंय ते काढायचं. शेवटी सगळ्यांनी आपापली स्केचबुकं जमिनीवर ओळीनं मांडायची आणि उभं राहून बघायची. त्या रविवारी आम्ही मंडईत होतो. 1886 ची ती अष्टकोनी इमारत, पूर्वीचं रे मार्केट, मधला उंच मनोरा, मी टिळकांच्या पुतळ्याजवळ फोल्डिंग स्टूल टाकून बसले आणि पेन आणि वॉशमध्ये (पेनच्या रेषा, वर पातळ रंग) तब्येतीत काम केलं. दगडाचा करडा रंग मनासारखा आला. खूश होते मी. शाळेत 'भाजी मंडई' हा स्मरणचित्राचा विषय मी पोरांना किती वेळा दिला असेल, आणि आता खुद्द मंडईत बसून काढतेय, याचा आनंद वेगळाच होता.

पुस्तकं मांडली. आर्किटेक्चरला असलेला एक मुलगा माझ्या पानासमोर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "काकू, ही बाई कुठे होती?"

मी म्हटलं, "कुठली?"

त्यानं वाकून बोट दाखवलं. डावीकडे अगदी पुढे, पाठमोरी, डोक्यावर टोपली, पदर खोचलेला. "इथे अशी कुणीच नव्हती ना सकाळपासून. मी पण इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला अशीच काढायचो, ए ग्रेड होता मला. पण मागची मंडई बघून काढलीये आणि पुढची बाई पाठ आहे म्हणून काढलीये, ते दोन वेगळे कागद वाटतायत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी "असेल बाबा" म्हणून पुस्तक उचललं, रंग नीट वाळले नव्हते तरी मिटलं, आणि पोह्यांना न थांबता बस पकडली. बसमध्ये माझे हात थरथरत होते. एवढ्याशा पोरानं, अख्खी हयात जिनं हे शिकवलं तिला, सगळ्यांदेखत सांगावं?

त्या रात्री मी त्याच्याशी मनातल्या मनात किती बोलले म्हणून सांगू. तुला काय माहीत एका वर्गात साठ पोरं असतात, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास असतो, निम्म्यांकडे ब्रश नसतो. परीक्षेत कोऱ्या कागदासमोर पोर गोठून जातं, तेव्हा 'पुढे एक मोठी पाठमोरी आकृती, मध्ये दोघं-तिघं बोलताना, मागे दुकानं' एवढं हातात असलं तर त्याचं पोट दुखायचं थांबतं. त्याच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीला वाढीव गुण मिळायला लागले तेव्हा पोरांचे आईबाप रांग लावून आले की नाही? मी जे शिकवलं ते मी आजही चुकीचं म्हणणार नाही. त्या साठातल्या एखाद्याच्या हाताला त्यामुळे वळण लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण झोप येईना म्हणून उठून जुन्या वह्या काढल्या. वाईचा घाट, जेजुरीच्या पायऱ्या, आमच्या गावचं एसटी स्टँड, सुट्ट्यांमध्ये चोरून मारून काढलेली माझी स्वतःची चित्रं. प्रत्येकात ती होती. डावीकडे, पुढे, पाठमोरी. फळ्यावर खडूनं इतकी वर्षं काढून काढून ती हातातच बसलीये, मी बघते एक आणि हात तिला काढून मोकळा होतो.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की या वह्या घरच्यांनी बघितल्यात, शाळेत बघितल्यात, निरोप समारंभाला तर टेबलावर मांडल्या होत्या, आणि एकालाही ती बाई दिसली नाही. दिसायला तेवढा वेळ बघावं लागतं ना. त्या पोरानं बघितलं.

म्हणजे माझं मन लगेच वळलं असं समजू नका. पुढचे काही रविवार मी गेलेच नाही. शाळेतली मी अजूनही माझ्याशी वाद घालते, म्हणते, उद्धटपणाला तू आता कदर म्हणायला लागलीस का? वर्गात असं कुणी बोललं असतं तर बाहेर उभं केलं असतंस. बरोबर आहे, केलं असतं. याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. मऊ शब्दांत सांगता आलं असतं त्याला, असं मला आजही वाटतं.

तरी गेले. कुणी समजूत काढली नाही, तोही माफी मागायला आला नाही. पाताळेश्वरच्या लेण्यापाशी बसलो होतो, तो मंडईतला मुलगा आपलं पान घेऊन सरळ माझ्याकडे आला, "काकू, माणसं हवेत तरंगतायत, काय होतंय?" मी बघितलं. बसून काढताना आपली नजरेची रेषा खाली येते, उभ्या माणसांच्या साधारण पोटा-छातीतून जाते, आणि यानं जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी एकाच रेषेवर घेतली होती, जसा काही उभा राहून बघतोय. त्याच्याच पानावर पेन्सिलनं रेषा मारून दाखवली. "अरे हो!" म्हणाला, आणि तिथेच खाली बसून पुन्हा काढायला लागला. ही एवढीशी गोष्ट वर्गात मी कितीतरी वेळा सांगितली असेल, पोरं "हो बाई" म्हणायची. तिच्यासाठी कुणी आपलं झालेलं चित्र बाजूला टाकून नवं सुरू केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून जाते. शिकायला की शिकवायला, ते तुम्ही ठरवा, मला नाही ठरवता आलेलं. मी केलेल्याकडे तिथे कुणीतरी याच कामातल्या माणसाच्या नजरेनं बघतं आणि मीही तशीच बघते, हे मला कोल्हापूर सोडल्यापासून मिळालं नव्हतं.

टोपलीवाल्या बाईचं म्हणाल तर ती मी पूर्ण सोडलेली नाही. परवा ओंकारेश्वरला पुलाकडची बाजू फार रिकामी वाटत होती, मी घातली तिथे एक आकृती. त्यानं विचारलंच, "ही होती का?" मी म्हटलं, नव्हती, पण चित्राला पाहिजे होती. त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्या बाजूनं आणि शेजारची मुलगी त्याच्या बाजूनं अशा सुरू झाल्या, मुलगी म्हणे समोरचं जसंच्या तसं काढायचं ठरलंय ना, बँकेतल्या बाई म्हणत मग कॅमेरा आणा. नाश्ता होईपर्यंत चाललं होतं. पुढच्या रविवारी कसब्यात आहोत, तिथे पुन्हा निघेलच.