चिखलदऱ्याला कॅम्पर व्हॅन: 'हीटर रात्रभर चालते' यावर जाऊ नका

"भाऊ, बिनधास्त जा, हीटर रात्रभर चालते." आम्हाला कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने देणाऱ्या नागपुरातल्या गाडीवाल्याचं हे वाक्य अजून कानात आहे. नाही चालत. साधा हिशोब बघा. झोपायच्या भागाला वेगळी बॅटरी असते. आमची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड होती, म्हणजे कागदावर १.२ युनिट वीज. त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरी खराब होते, आणि थंडीत ती आणखी कमी देते. १००० वॅटचा हीटर लावला की अर्ध्या तासात खेळ खलास. आमचा तेवढाही टिकला नाही. इन्व्हर्टर कुंई कुंई करून बंद पडला आणि अंधारातून आईचा आवाज आला, "झालं का रे तुझं हीटर?" छतावरचं सोलर दिव्याला आणि मोबाइलला पुरतं. हिवाळ्यात दिवस लहान, त्यात सकाळभर पॅनलवर दव.

नागपूरच्या थंडीत काय दम, असं म्हणणाऱ्यांनी २९ डिसेंबर २०१८ आठवावा. पारा ३.५ अंशांवर होता. चिखलदरा तर ११०० मीटरच्या आसपास, वर वारा मोकळा. रजया घरून न्या, माणशी एक आणि वर एक जास्तीची. गादीखालून जी थंडी येते तिच्यावर हीटरचाही इलाज नाही. जाड सतरंजी किंवा फोमची चटई लागतेच.

चिखलदऱ्याआधी, उलट दिशेला असलं तरी, रामटेकला खिंडसी तलावावर मुक्काम केला. छान झाला. फक्त गाडी अगदी पाण्याकाठी लावू नका, थंड हवा खोलगट जागी साचते. जरा चढावर लावा.

आता घाट. अमरावतीपर्यंत रस्ता गुळगुळीत, परतवाड्यापर्यंतही तक्रार नाही. पुढे मात्र गाडीची उंची आणि मागचा लांब भाग, दोन्ही अंगावर येतात. वळणावर मागचा बंपर कठड्याकडे झुकतो, झाडाच्या फांद्या छतावर करकरतात, आणि धुक्यातून अचानक एसटीचे दिवे समोर. एका वळणावर मागे घ्यायची वेळ आली. बायको खाली उतरून टॉर्च हलवत "या, या, थांबा!" ओरडत होती आणि मला आरशात पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. अंधारात हा घाट या गाडीने चढू नका, विषय संपला. दुपारी चारच्या आत वर पोहोचा. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. गाडीची उंची फुटांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

वर प्लग मिळतो, पण भाव ऐका. एका हॉटेलवाल्याने आवारात गाडी लावून एक प्लग द्यायचे १२०० रुपये मागितले. हीटर आठ तास चालला तर आठ युनिट. युनिटला वीस रुपये धरले तरी १६० होतात. जागेचे वेगळे घ्या की बाबा, पण विजेच्या नावाने लूट कशाला? घासाघीस करून ७०० वर आणला, तरी जास्तच. फोनवरच ठरवा, आणि १६ अँपिअरचा पॉइंट आहे का ते विचारा. आम्हाला साधा छोटा सॉकेट आणि गुंडाळी केलेली एक्स्टेंशन मिळाली. वायर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली तापते. आणि अर्थिंग! दवाने ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून मुलाने दाराची कडी धरली आणि हात झटकला. मुंग्या आल्या म्हणाला. त्याच क्षणी प्लग काढला. टेस्टर सोबत ठेवाच.

मग आम्ही रजयांत. पहाटे नाकावर थेंब पडला. छताच्या पत्र्यातल्या एका स्क्रूच्या डोक्यावर पाणी साचून टपकत होतं. चौघांचा श्वास, वर आत उकळलेला चहा, सगळी वाफ थंड पत्र्यावर बसते. थंडी वाजली तरी छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा आणि खालची एखादी खिडकी फटभर. झोपायची उशी त्या स्क्रूखाली नको.

झडपेचं दुसरं कारण जास्त गंभीर. हॉटेलच्या पोऱ्याने मायेने निखाऱ्याची शेगडी आणून दिली, "आत ठेवा, गरम राहते." अजिबात ठेवू नका. बंद गाडीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. गॅसची शेगडीही ऊब घेण्यासाठी पेटवायची नाही. शेकायचं ते बाहेर, आणि निखारे बाहेरच पूर्ण विझवून मगच आपण आत जायचं.

शेवटचं, पैशाचं. परत आल्यावर गाडीवाला शिडी लावून छतावर चढला आणि फांद्यांच्या ओरखड्यांचे डिपॉझिटमधून कापले. त्यातले अर्धे ओरखडे जुने, गंजलेले. गाडी घेताना शिडी मागा, छताचा व्हिडिओ त्याच्यासमोर काढा. शिडी देत नसेल तर दुसरी गाडी बघा.