चार गाण्यांचा ईपी आणि एका ठेक्याची पावती

गाणं सुरू करायला मला काही लागत नाही. एखादा ठेका लावला, दोन सूर सापडले की आठ बारचं (आठ आवर्तनांएवढं) काहीतरी गोड फिरायला लागतं आणि ते ऐकत मी तासन्‌तास बसू शकते. संपवायला काय काय लागतं ते चार गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, बाहेर काढताना कळलं. त्यातलं निम्मं एका फॉर्मने शिकवलं. त्याचं नाव काढलं की अजून कपाळाला आठी पडते.

गाणी निवडणं सोपं गेलं. अर्धवट पडलेल्या सगळ्या प्रोजेक्टच्या एमपीथ्री काढून फोनवर टाकल्या आणि चालताना ऐकल्या. स्क्रीन समोर नसली की हात फेडरकडे, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीकडे, जात नाही, हा त्यातला मुख्य फायदा. ऐकणं थांबल्यावरही ज्या सुरावटी तोंडात राहिल्या त्या ठेवल्या, बाकीच्या 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये. जुनं सगळं डिलीट करा म्हणजे मन मोकळं होतं, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो मुळीच पटत नाही. चौथ्या गाण्याचा कणा असलेली बेसलाइन मी अशाच एका टाकून दिलेल्या प्रोजेक्टमधून उचलली आहे.

नव्या कल्पनांवर मी बंदी घातली नाही. घालून उपयोगही नसतो. पण एक गोष्ट लक्षात आली होती: समोरच्या गाण्यात काही ठरवायची वेळ आली, म्हणजे अंतरा किती लांब ठेवायचा, दोन सिंथमधला (सिंथेसायझरच्या आवाजांमधला) कुठला काढायचा, की मला नवी चाल सुचते. हे इतक्या नेमाने होतं, की आता चाल सुचली की मी आधी काय ठरवायचं टाळतेय ते बघते. मग चाल फोनमध्ये गुणगुणून ठेवायची, तोंडानेच 'काळी पाच, वेग साधारण ९०' (म्हणजे मिनिटाला ९० ठोके) असं सांगायचं आणि परत यायचं. फारच छळायला लागली तर वीस मिनिटं तिला द्यायची. वीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं सेव्ह करून प्रोजेक्ट बंद.

लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याचं, गाणं करायची माझी पद्धत उलटी आहे. आठ बारचा सगळा पसारा आधी साडेतीन मिनिटं सरळ पसरून टाकायचा आणि मग पुसत जायचं. भरण्यापेक्षा काढणं मला सोपं वाटतं. मिक्सिंगबद्दल एवढंच सांगते, की रात्री आवाज बारीक ठेवून बेस ठरवू नका. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. मी रात्री वाढवलेला बेस सकाळी नेहमीच्या आवाजात ऐकला की खोलीभर घुमायचा.

तर गाणी झाली, मिक्स झाले, मास्टर (शेवटच्या पक्क्या फाइली) झाले, कव्हर तयार झालं. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर सगळं चढवलं, शुक्रवारची तारीख टाकली. हत्ती गेला आणि शेपूट अडलं ते इथे.

काही दिवसांनी मेल आला. तिसऱ्या गाण्यात 'दुसऱ्या कुणाच्या मालकीचा ध्वनी' सापडला आहे, हक्काचा पुरावा जोडा, तोवर पूर्ण रिलीज थांबवलं आहे. कुठला ध्वनी? गाण्यात कितव्या सेकंदाला? कुणाच्या मालकीचा? यातलं काहीही मेलमध्ये नव्हतं. उत्तर द्यायला एक फॉर्म होता. त्यात लिहायला एक छोटी चौकट आणि फाइल जोडायला एकच जागा.

शोधून शोधून संशय ठेक्यावर गेला. गाण्याच्या सुरुवातीला चार बार फक्त ठेका वाजतो. तो मी एका सॅम्पल लायब्ररीतून (तयार ठेके-सुरांच्या ऑनलाइन साठ्यातून) घेतला होता, रीतसर वर्गणी भरून. असे लूप रॉयल्टी-फ्री असतात, म्हणजे आपल्या गाण्यात वापरायला पूर्ण मुभा. पण ते एकट्या आपले नसतात. तोच ठेका आणखी शेकडो जण वापरू शकतात. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. ती प्रत्येक नोंदलेल्या रेकॉर्डिंगचा ठसा ठेवते आणि नव्या आवाजाशी जुळवून बघते. आता कुणीतरी हाच ठेका सुरुवातीला मोकळा ठेवून गाणं केलं आणि 'हे सगळं माझंच' अशी खूण करून ते अशा यंत्रणेत नोंदवलं, तर पुढे तो ठेका वापरणारा प्रत्येक जण चोर ठरतो. खरं तर सर्वांना मुभा असलेले लूप जसेच्या तसे वापरलेलं रेकॉर्डिंग तिथे नोंदवायचंच नसतं, तसा नियम आहे. पण फॉर्मवरची खूण करण्याआधी तो वाचतो कोण! माझ्या बाबतीत असंच झालं असणार हा माझा अंदाज, कारण शेवटपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही.

मी लायब्ररीच्या परवान्याचं पान जोडून पाठवलं. परत आलं: यात तुमच्या फाइलचा उल्लेख नाही. बरोबर, त्या सर्वसाधारण परवान्यात तो नव्हताच. मग फाइलचं मूळ नाव शोधणं आलं. माझ्या प्रोजेक्टमध्ये तिचं नाव होतं 'ठेका नवा'. कारण मी ती ९६ वरून ८८ च्या वेगाला ओढली होती, तुकडे केले होते, मागेपुढे सरकवले होते आणि सगळं एकत्र करून नवी ऑडिओ फाइल बनवली होती. मूळ नावाचा मागमूस नाही. शेवटी असं केलं: प्रोजेक्टची सगळ्यात जुनी सेव्ह केलेली प्रत शोधली, तिची तारीख पाहिली, लायब्ररीच्या खात्यात डाउनलोडची यादी होती ती त्या तारखेपर्यंत मागे नेली आणि तिथले ठेके एकेक करून ऐकले. सापडला. फाइलचं नाव, तारीख, माझं खातं, वर्गणीची पावती आणि परवाना, सगळ्याची एकच पीडीएफ केली, कारण फॉर्मला दुसरी फाइल झेपत नाही. पाठवली. 'तुमची विनंती रांगेत आहे.' प्रत्येक उत्तरानंतर आपण रांगेच्या शेवटी जातो, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं.

त्यात शुक्रवार उलटून गेला. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर रिलीजच्या आधीच, शक्यतो किमान सात दिवस आधी पाठवायला लागतं, आणि त्यासाठी रिलीज आधी तिथे पोचलेलं असावं लागतं. म्हणजे तारीख पुढे ढकलणं, पुन्हा सगळ्यांना कळवणं.

एकाने सुचवलं, कशाला भांडतेस, ठेका बदलून टाक. म्हणून तिसऱ्या गाण्याचा प्रोजेक्ट उघडला. दरम्यान सिंथच्या प्लगइनची (प्रोजेक्टमध्ये वापरायच्या सॉफ्टवेअर-वाद्याची) नवी आवृत्ती आली होती, तिच्यात माझा पॅड, म्हणजे मागे भरून राहणारा लांब सूर, वेगळाच वाजायला लागला. तो जुळवायला बसले. मग वाटलं, प्रोजेक्ट उघडलाच आहे तर अंतऱ्यातली ती ओळ पुन्हा गावी का? शेवट जरा लांबवावा का? इथे मला खरी भीती वाटली. नव्या गाण्याची ओढ मला ओळखता येते, तिच्यासाठी वीस मिनिटांचा नियम आहे. पण ही ओढ 'सुधारणा' असं नाव लावून आली होती, आणि तिच्या मागे गेले असते तर मास्टर पुन्हा, चारही गाण्यांचा आवाज एकमेकांना जुळवणं पुन्हा, रांग पुन्हा.

प्रोजेक्ट बंद केला. मिक्सच्या वेळी सगळे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी ऑडिओ फाइल) काढून ठेवले होते, त्यातला फक्त ठेक्याचा बाजूला केला आणि त्या जागी स्वतः वाजवून एक ठेका भरला. हाताने लाकडी पेटीवर, एका माइकने. एका बैठकीत झाला. छान झाला. खरं सांगायचं तर आधीच्यापेक्षा चांगला झाला.

आणि तो चढवणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मेल आला: पुरावा मान्य, रिलीज पुढे जात आहे. एवढीच ओळ. ना खुलासा, ना दिलगिरी. माझा चांगला ठेका मग मी लावलाच नाही. नवी ऑडिओ फाइल म्हणजे नवी तपासणी, आणि मला त्या चौकटीचं तोंड बघायचं नव्हतं. ईपीवर लायब्ररीतलाच ठेका आहे. ऐकणाऱ्या कुणाला काही फरक पडलेला नाही. मला दर वेळी पडतो, पण त्या निर्णयाचा मला अभिमानही आहे.

त्या रांगेच्या दिवसांत मी नवी गाणी सुरू केली, बिनदिक्कत. ईपीवर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा सुरुवाती करायला याहून चांगला काळ नाही. फक्त आता प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पहिल्याच दिवशी एक साधी टेक्स्ट फाइल टाकते: कुठला लूप, मूळ नाव काय, कुठून, कोणत्या तारखेला, कुणी वाजवलं, शब्द कुणाचे, ज्याने वाजवलं त्याच्याशी काय ठरलं. दोन मिनिटांचं काम. सुचण्याच्या भरात ते नकोसं होतं, म्हणून मी ते त्या वीस मिनिटांतच धरते.

लायब्ररीचा लूप जसाच्या तसा वापरला असेल तर फॉर्मवर कंटेंट आयडीची खूण करू नका. दुसऱ्या कुणाला तरी माझ्यासारखा मेल जाईल.

मास्टरचा आवाज किती मोठा, यावर फार रात्री घालवू नका. स्पॉटिफाय ऐकवताना सहसा तो उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणतंच. त्याहून मोठा मास्टर असेल तर तो खाली ओढला जातो. मी या आकड्यावर नको तितकी रमले. तोही टाळाटाळीचाच प्रकार, फक्त अंगात तांत्रिक कपडे घालून आलेला.

कव्हर चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा इन्स्टाग्रामचं नाव नको, आणि त्यावर जे नाव लिहाल तेच फॉर्ममध्ये. कव्हरवर एक स्पेलिंग आणि फॉर्ममध्ये दुसरं असलं की ते परत येतं. माझं यात अडलं नाही, पण फॉर्म भरताना आयएसआरसी क्रमांक कुठे बघायचा ते मात्र उशिरा कळलं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा एक क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलायचा झाला (आणि मी बदलणार आहे) तर त्याच रेकॉर्डिंगला तोच क्रमांक द्यायचा असतो, नाहीतर आधी ऐकलेल्याचा हिशोब तुटू शकतो.

आणि स्टेम. मिक्स पक्का झाला त्याच दिवशी काढा, २४ बिटमध्ये, प्रोजेक्टचा जो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) असेल त्यातच. सगळे स्टेम अगदी पहिल्या बारपासून आणि एकाच लांबीचे, एखादं वाद्य शेवटच्या अर्ध्या मिनिटातच वाजत असलं तरी. तसे नसतील तर सहा महिन्यांनी कुठला तुकडा कुठे बसतो ते कानाने जुळवत बसाल, आणि त्या नादात एखादी नवी चाल नक्की सुचेल.