दोघांचे कॅरिओटाइप नॉर्मल, तरी गर्भात ट्रायसोमी १६

दुसऱ्या गर्भपातानंतर खरी उपयोगी पडली ती गर्भाच्या ऊतींची तपासणी. नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की पेशी मरतात, मग कल्चर, म्हणजे पेशी लॅबमध्ये वाढवणं, होत नाही. निर्जंतुक सलाइनमध्ये, त्याच दिवशी लॅबला पाठवा, हे क्युरेटिंगच्या आधीच सांगून ठेवावं. आमच्या रिपोर्टात ट्रायसोमी १६ आलं, म्हणजे १६ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन. गर्भपातांत सर्वाधिक सापडणारी ट्रायसोमी हीच.

मग आम्हा नवरा-बायकोचं रक्त हिरव्या टोपणाच्या हेपरिन ट्यूबमधून कॅरिओटाइपला, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना तपासायला, गेलं. दोन्ही नॉर्मल. यात गोंधळायचं कारण नाही: ही तपासणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची, चूक झालेली असते स्त्रीबीजात. आईच्या पोटात असतानाच मुलीची बीजं पहिलं विभाजन अर्ध्यावर सोडून थांबतात. गुणसूत्रं एकत्र धरणारं कोहेसिन हे प्रथिन तेव्हाच बसतं, नंतर त्याची भरपाई जवळजवळ होत नाही. पस्तिशीनंतर पकड सुटत जाते, जोड्या वेळेआधी विलग होतात आणि एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. त्यात माणसाच्या स्त्रीबीजात सेंट्रोसोम (ही रचना उभारायला मदत करणारी केंद्रं) नसतात. गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या तर्कुतंतूंची रचना उभी राहायलाच सुमारे १६ तास लागतात, तीही डळमळीत. यावर गोळी नाही, कोणी विकली तरी.

म्हणून आयव्हीएफसोबत पीजीटी-ए, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याच्या गुणसूत्रांची संख्या तपासणं. बीजं पक्व करणाऱ्या ट्रिगर इंजेक्शनची वेळ मिनिटाला पाळायची, कारण बीजं साधारण ३६ तासांनी काढतात. फलन बहुधा इक्सीने (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून) करतात, म्हणजे बीजाच्या कवचाला चिकटलेल्या इतर शुक्राणूंचा डीएनए नमुन्यात मिसळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टच्या (या टप्प्यातल्या भ्रूणाच्या) बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार (प्लासेंटा) होते, ५ ते १० पेशी काढतात. भ्रूण उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात, पेशी डीएनए सिक्वेन्सिंगला जातात. पीसीपीएनडीटी या लिंगनिदानबंदी कायद्यामुळे केंद्र नोंदणीकृत हवं, संमतीपत्रं भरावी लागतात आणि लिंग सांगितलं जात नाही. ते विचारूही नये.

प्रत्येक टप्प्यावर आकडा गळतो. सगळी बीजं पक्व नसतात, सगळी फळत नाहीत, निम्मी तरी ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतच नाहीत. पीजीटी-ए बीज सुधारत नाही, फक्त निवड करते. चाळिशीत एकही नॉर्मल भ्रूण न निघणं अपवाद नव्हे, त्यामुळे दुसऱ्या सायकलचा खर्च आधीच धरावा.

'मोझॅइक' (काही पेशी नॉर्मल, काही नाहीत) असा शेरा आला तर भ्रूण लगेच टाकून देऊ नका. जेनेटिक काउन्सेलरला कोणतं गुणसूत्र आणि किती टक्के ते विचारा. अशा काही भ्रूणांपासून निरोगी बाळं झालेली आहेत. गर्भ राहिल्यावर १० आठवड्यांनंतर एनआयपीटी (आईच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांची चाचणी) करता येते, पण तिथेही डीएनए मुख्यतः वारेचाच. शंका उरली तर १५ आठवड्यांनंतर ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे गर्भजलाची तपासणी.