आईचा ‘बेल्जियम’ आणि आजीची बशी

आईच्या काचेच्या कपाटात दोन वस्तू वर्षानुवर्षं शेजारी शेजारी होत्या. एक मोठा, जड, लखलखीत बाउल, काकांनी १९८४ साली कुवेतहून आणलेला. आमच्याकडे त्याला ‘बेल्जियम’च म्हणतात, चांगल्या काचेला बेल्जियम म्हणायची आपली जुनी सवय. दुसरी आजीची सहा इंची बशी, कडेचा टवका उडालेली. बाउल सणावारी निघायचा, बशीत किल्ल्या पडलेल्या असायच्या. दोन्हींवर तीच चौकटी-चांदण्यांची नक्षी.

गेल्या उन्हाळ्यात गेले तर बाउलमध्ये कैरीचं लोणचं.

“अगं, बरणी कोरडी झाली नव्हती, म्हणून काढलंय चार दिवस,” आई म्हणाली.

मी मात्र दचकले. खऱ्या क्रिस्टल काचेत, म्हणजे लेड क्रिस्टलमध्ये, शिसं असतं. आंबट पदार्थ त्यात दिवसचे दिवस राहिला तर ते थोडं थोडं पदार्थात उतरतं. लोणचं तर मीठ आणि आंबट, दोन्ही. तेव्हा बाउल क्रिस्टलचा आहे की साधा, हे मला कळायलाच हवं होतं.

पहिली परीक्षा सगळे सांगतात तीच, टिचकी. लोणचं बरणीत गेलं, बाउल धुऊन पुसला आणि तळहातावर ठेवून कडेला टिचकी मारली. देवघरातल्या घंटेसारखा नाद बराच वेळ रेंगाळला. बशी नुसतीच ‘टक्’ वाजली. आईचा चेहरा उजळला. पण माझं समाधान होईना. जाड, बसकी, त्यातून टवका गेलेली वस्तू कशाचीही असली तरी नीट वाजणार नाही.

मग काटा काढला. घरी दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कोरडा बाउल भरला १,७४८ ग्रॅम. नंतर काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्यावर आणला. बाउलला पातळ नायलॉनची दोरी चारी बाजूंनी बांधली आणि तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडांना टेकणार नाही, असा पाण्यात लोंबकळत धरला. आता काट्यावर दिसतं ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच काचेचं घनफळ. आई खाली टॉवेल धरून उभी! पहिल्यांदा आकडा चुकला, कारण नक्षीच्या खाचांत बुडबुडे अडकले होते. मऊ ब्रशने ते काढले तेव्हा काटा ५९८ वर स्थिरावला. वजनाला घनफळाने भागलं, घनता आली २.९२. बशी ६४२ ग्रॅम, पाणी २५६, भागाकार २.५१.

साधी खिडकी-बाटलीची काच २.५ च्या आसपास असते. युरोपात १९६९ च्या नियमानुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणायचं तर काचेत शिशाचं ऑक्साइड किमान २४ टक्के आणि घनता किमान २.९० लागते. म्हणजे बाउल क्रिस्टल, बशी साधी काच. लोणच्याचा निकाल लागला. कैरी असो की लिंबू, बाउलमध्ये ते पुन्हा जाणार नाही.

मी इथेच थांबले असते. पण मुंबईला गेले होते तेव्हा दोन्ही वस्तू चिंध्यांत गुंडाळून चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर नेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने बाउल टिचकी न मारताच परत दिला. बशीवर मात्र तो नख फिरवत बसला. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि मला बघायला लावलं.

तेव्हा कळलं की मी एकच प्रश्न सोडवला होता. काच कशाची, हा एक प्रश्न. नक्षी कापलेली की साच्यातून आलेली, हा दुसरा. कट ग्लासमध्ये आधी काचेचं बिननक्षीचं भांडं तयार होतं, मग फिरत्या चाकावर धरून एकेक खाच कापतात, घासतात आणि शेवटी पॉलिश करतात. प्रेस्ड ग्लासमध्ये वितळलेला गोळा साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबतात; भांडं आणि नक्षी एकदमच तयार. ही पद्धत १८२० च्या दशकात अमेरिकेत रुजली ती कट ग्लासचा थाट स्वस्तात मिळावा म्हणूनच.

फरक बोटाला कळतो. खडीसाखरेचा ताजा खडा आणि तोंडात घोळवून बाहेर काढलेला खडा आठवा. कापलेल्या नक्षीचे कंगोरे पहिल्या खड्यासारखे असतात, नख अडकतं. साच्यातले कंगोरे दुसऱ्यासारखे, किंचित विरघळल्यागत. बाउलवरून नख सहज घसरत गेलं. त्याच्या पायाजवळ, नक्षी संपते तिथे, भिंगातून एक उभी बारीक रेघ दिसली. बाउल फिरवला, तशीच दुसरी, मग तिसरी. साच्याचे तीन भाग जुळतात तिथले सांधे. आतून तळाशी एक सुरकुतीही होती. गोळा कात्रीने तोडतात त्याची ती खूण. ‘आतून गुळगुळीत असेल तर कट ग्लास’ असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नका. दट्ट्यामुळे प्रेस्ड भांडंही आतून गुळगुळीतच निघतं.

आणि बशी? सांधा कुठेच नाही. प्रत्येक कंगोऱ्याला नख अडकतं. तळाची चांदणी सोळा पाकळ्यांची, पण सगळ्या रेघा एका बिंदूत मिळत नाहीत. एक रेघ मध्य ओलांडून तांदळाच्या दाण्याएवढी पुढे गेली आहे. चाक उचलायला कुणाला तरी क्षणभर उशीर झाला होता. साधी काच, पण हाताने कापलेली. शिशाची काच मऊ, म्हणून कापायला सोपी. या माणसाने त्याहून कडक काचेवर ही चांदणी काढली आहे, आणि आम्ही तिच्यात किल्ल्या टाकत होतो. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. बाउल साच्यातला, हे ऐकून ती थोडी हिरमुसली. “पण क्रिस्टल आहे ना?” तिने विचारलं. आहे, अगदी खरं. तो पुन्हा कपाटात वरच्या फळीवर गेला.

बशी तिने चिंचेने नाही, साध्या साबणाने धुतली, उन्हात धरली आणि ती पुढे गेलेली रेघ शोधत राहिली. मी दाखवायच्या आधीच तिला सापडली.